मातृफलकाची पारख : खेळाच्या संगणकासाठी माफक दरात मदरबोर्ड कसा निवडावा?

इस्लापूरजवळ पैनगंगेवर सहस्रकुंडाचा धबधबा आहे. किनवट तालुक्यातील बहुतेक मुलामुलींनी तो एकदा तरी पाहिलेला असतो. भर पावसाळ्यात तेथे गढूळ पाण्याचा एकच लोंढा कोसळत असतो. पाऊस ओसरला की तेच पाणी काळ्या खडकांमधून अनेक धारांनी खाली उतरते. एका मोठ्या प्रवाहाच्या अनेक लहान धारा झाल्या म्हणजे प्रत्येक धारेचा जोर कमी होतो. ही साधी गोष्ट ध्यानात ठेवा. संगणकाच्या एका महत्त्वाच्या भागाची पारख करताना ती आपल्याला उपयोगी पडणार आहे.

आता अशी कल्पना करा. इस्लापूरच्या एका शेतकरी घरात कापूस आणि सोयाबीन विकून काही पैसे हाती आले आहेत. त्यातून दहावी झालेल्या मुलीला संगणक घ्यायचा असे ठरले आहे. तिला त्यावर अभ्यास करायचा आहे, प्रोग्रॅम लिहायला शिकायचे आहे आणि खेळही खेळायचे आहेत. तयार संगणकापेक्षा सुटे भाग आणून जोडले तर त्याच पैशात अधिक चांगले यंत्र होईल, असा तिचा विचार आहे. साठ हजार रुपयांच्या पुढे एक पैसाही जायचा नाही, ही अट आहे. भाग नांदेडहून आणायचे. एकदा नांदेडला जाऊन येणे म्हणजे दिवस मोडतो. घरी आल्यावर एखादा भाग जुळला नाही, तर पुन्हा तेवढाच दिवस आणि तेवढेच भाडे.

दुकानात तीन मदरबोर्ड समोर येतात. एक स्वस्त, एक मध्यम, एक महाग. महागाच्या खोक्यावर रंगीत दिव्यांचे चित्र आहे. वडील विचारतात, "माय, महाग तेच चांगलं असतं का गं?"

मुलगी म्हणते, "हिशोब करून बघू या, बाबा."

विद्यार्थीमित्रहो, हा हिशोब आपणही तिच्याबरोबर करून पाहू. त्यासाठी दहावीपर्यंतचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

मदरबोर्ड करतो तरी काय?

संगणकाचे खोके उघडले की आत एक मोठा, चौकोनी, बहुधा काळा किंवा हिरवा फलक दिसतो. बाकीचे सारे भाग त्याच्यावर बसवलेले किंवा त्याला तारांनी जोडलेले असतात. म्हणून त्याला मदरबोर्ड, म्हणजे मातृफलक, म्हणतात. हा फलक एका थराचा नसतो. काचतंतू आणि राळ यांच्या पातळ पत्र्यांमध्ये तांब्याच्या रेषांचे चार, सहा किंवा अधिक थर दाबून तो तयार केलेला असतो.

त्याची मुख्य कामे तीन. पहिले, सर्व भागांना योग्य त्या दाबाची वीज पुरवणे. दुसरे, प्रक्रियक (प्रोसेसर), स्मृती (रॅम), चित्रपत्र (ग्राफिक्स कार्ड) आणि साठवणूक यांच्यात माहितीची ने-आण करणारे मार्ग पुरवणे. तिसरे, यंत्र सुरू करताना कोणते भाग जोडलेले आहेत ते तपासून त्यांना कामाला लावणे. या तिसऱ्या कामाचा प्रोग्रॅम फलकावरच्या एका लहान चिपमध्ये लिहिलेला असतो. त्याला बायोस म्हणण्याची रूढी आहे.

आता मदरबोर्ड काय करत नाही, तेही पाहू. खेळातले चित्र तो काढत नाही. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर प्रत्येक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावे लागते. हे काम प्रक्रियक आणि चित्रपत्र मिळून करतात. सारखाच प्रक्रियक, सारखीच स्मृती आणि सारखेच चित्रपत्र दोन निरनिराळ्या फलकांवर बसवले, तर सेकंदाला तयार होणाऱ्या चित्रांची संख्या जवळजवळ सारखीच येते. फलक महाग घेतला म्हणून खेळ जलद होत नाही. मात्र फलक फारच हलका असला तर खेळ मंदावू शकतो. असे का, ते कळण्यासाठी विजेचा मार्ग पाहिला पाहिजे.

बारा व्होल्टचे सव्वा व्होल्ट

घरातली वीज २३० व्होल्टची असते. संगणकाच्या खोक्यातील वीजपुरवठा पेटी (एसएमपीएस) तिचे रूपांतर मुख्यतः १२ व्होल्टच्या एकदिश विजेत करते. पण प्रक्रियकाला १२ व्होल्ट चालत नाहीत. त्याला काम करताना साधारण १ ते १.४ व्होल्ट लागतात. मग पेटीतूनच तेवढ्या दाबाची वीज का पाठवत नाहीत?

गणित करू. समजा प्रक्रियक ९६ वॅट शक्ती घेतो आणि त्याला १.२ व्होल्ट हवे आहेत. शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले विद्युतधारा. म्हणून धारा झाली ९६ ÷ १.२ = ८० अँपिअर. पेटीपासून फलकापर्यंतच्या तारेचा रोध अवघा ०.०१ ओहम धरला, तरी ओहमच्या नियमाने त्या तारेत ८० × ०.०१ = ०.८ व्होल्ट खर्ची पडतील. पोहोचवायचे १.२ व्होल्ट आणि वाटेतच गेले ०.८! तार तापेल ती वेगळीच. तिच्यात ६४ वॅट उष्णता निर्माण होईल.

तीच शक्ती १२ व्होल्टने पाठवली तर धारा होते ८ अँपिअर. तारेत खर्च होतात फक्त ०.०८ व्होल्ट, आणि उष्णता होते ०.६४ वॅट. धारा दहापट कमी झाली, तर उष्णता शंभरपट कमी झाली. शेतांवरून जाणाऱ्या उच्च दाबाच्या तारांमागेही हेच तत्त्व आहे. वीज दूर न्यायची तर दाब जास्त ठेवावा आणि घराजवळ रोहित्राने तो उतरवावा.

मदरबोर्डवर प्रक्रियकाच्या अगदी शेजारी असेच एक 'उतरवण्याचे केंद्र' असते. त्याला दाबनियामक म्हणू. दुकानदार त्याला व्हीआरएम म्हणतात. एकदिश वीज रोहित्राने उतरवता येत नाही, म्हणून येथे दुसरी युक्ती वापरलेली असते. ट्रान्झिस्टरचा एक अतिशय चपळ खटका वीज चालू-बंद करीत राहतो. सेकंदाला काही लाख वेळा ही उघडझाप चालते. एकूण वेळाच्या एक दशांश वेळ खटका चालू ठेवला, तर सरासरी दाब १२ चा एक दशांश, म्हणजे १.२ व्होल्ट होतो.

पण अशी तुटक वीज प्रक्रियकाला चालणार नाही. म्हणून खटक्यापुढे तारेचे एक वेटोळे आणि त्यापुढे धारित्रे (कपॅसिटर) बसवतात. वेटोळे धारेतील बदलाला विरोध करते, आणि धारित्रे हौदाप्रमाणे विद्युतप्रभार साठवून ठेवतात. विहिरीवरचा पंप थांबत-थांबत चालला तरी मधल्या हौदामुळे पाटाला एकसारखे पाणी मिळत राहते, तसेच हे आहे.

सहस्रकुंडाची युक्ती

आता सुरुवातीला सांगितलेली गोष्ट आठवा. ८० अँपिअरची धारा एकाच खटक्यातून नेली तर तो जळून जाईल. म्हणून ती अनेक खटक्यांत वाटून देतात. प्रत्येक खटका आणि त्याचे वेटोळे मिळून एक 'फेज' होतो. त्याला आपण 'धार' म्हणू.

प्रत्येक धारेचा रोध ०.००४ ओहम आहे असे समजा. चार धारा असल्या तर प्रत्येकीतून २० अँपिअर जातील. जूलच्या नियमाप्रमाणे एका धारेतील उष्णता २० × २० × ०.००४ = १.६ वॅट, आणि चारींची मिळून ६.४ वॅट. आठ धारा असल्या तर प्रत्येकीतून १० अँपिअर जातील. एकीतील उष्णता ०.४ वॅट, आठींची मिळून ३.२ वॅट. धारा दुप्पट केल्या, तर एकूण उष्णता निम्मी झाली, आणि प्रत्येक धारेतील उष्णता तर पाव झाली.

खऱ्या फलकावर खटक्याच्या उघडझापीतही काही शक्ती वाया जाते. म्हणून हा हिशोब तंतोतंत लागू पडत नाही. परंतु दिशा हीच राहते. धारा पुरेशा नसल्या तर दाबनियामक फार तापतो. तो एका मर्यादेपलीकडे तापला की संगणक स्वतःला वाचवण्यासाठी प्रक्रियकाचा वेग कमी करतो. खेळ अडखळतो तो अशा वेळी. फारच हलक्या फलकावर ताकदवान प्रक्रियक बसवला की नेमके हेच घडते.

उलट बाजूही पाहा. ६५ वॅट वर्गाच्या मध्यम प्रक्रियकासाठी सोळा धारांचा महाग फलक घेणे म्हणजे परड्यातल्या भाजीला पाणी द्यायला धरणाचा कालवा आणण्यासारखे आहे. काम होईल, पण त्यासाठी दिलेले जास्तीचे पैसे कधीच वसूल होणार नाहीत.

धारा मोजताना एक सावधगिरी बाळगा. खोक्यावर '८ + २' असे लिहिलेले असते. त्यातील पहिला आकडा प्रक्रियकाच्या गाभ्यासाठी, दुसरा त्याच्या इतर भागांसाठी असतो. शिवाय सर्व खटके सारख्या कुवतीचे नसतात. सहा चांगले खटके आठ हलक्या खटक्यांहून सरस ठरू शकतात. म्हणून केवळ आकड्यावर जाऊ नये. खटक्यांवर ॲल्युमिनियमचा जाड, पंखांसारखा खाचा असलेला उष्णताशोषक बसवला आहे की नाही, तेही डोळ्यांनी पाहावे.

मराठवाड्याचा उन्हाळा आणि फलकाचे आयुष्य

मदरबोर्डच्या माहितीपत्रकात जे लिहिलेले नसते, पण आपल्याकडे ज्याला फार महत्त्व आहे, ते म्हणजे खोलीचे तापमान. मे महिन्यात मराठवाड्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. हिवाळ्यात जी खोली २५ अंशांवर असते, तीच पत्र्याच्या छपराखाली उन्हाळ्यात ४५ अंशांवर जाऊ शकते. खोलीचे तापमान २० अंशांनी वाढले, की खोक्याच्या आतील प्रत्येक भागाचे तापमानही जवळपास तेवढ्याच अंशांनी वाढते.

याचा परिणाम धारित्रांवर कसा होतो ते पाहू. जुन्या पद्धतीच्या धारित्रात विद्युत-अपघटनी द्रव असतो, आणि उष्णतेने तो हळूहळू उडून जातो. तापमान १० अंशांनी कमी झाले की अशा धारित्राचे आयुष्य सुमारे दुप्पट होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. समजा एका धारित्रावर '१०५ अंश, २००० तास' असे लिहिले आहे. ते ८५ अंशांवर चालले, तर आयुष्य २००० × २ × २ = ८००० तास. ६५ अंशांवर चालले, तर २००० × १६ = ३२,००० तास. रोज पाच तास संगणक चालवला, तर पहिल्या धारित्राला १६०० दिवस, म्हणजे चार वर्षांहून थोडे अधिक आयुष्य मिळते. दुसऱ्याला ६४०० दिवस, म्हणजे सतरा वर्षांहून अधिक. फरक फक्त २० अंशांचा!

२००० सालच्या आसपासच्या काही वर्षांत जगभर लाखो मदरबोर्ड अकाली बंद पडले, कारण त्यांच्या धारित्रांतला द्रव सदोष होता. धारित्रांची डोकी फुगत आणि फुटत. त्यानंतर चांगल्या फलकांवर द्रवाऐवजी घन बहुवारिक (पॉलिमर) वापरलेली धारित्रे आली. ती अधिक टिकतात. तापमान २० अंशांनी कमी झाले, तर त्यांचे आयुष्य सुमारे दहापट होते, असा त्यांच्यासाठीचा ठोकताळा आहे. आज माफक किमतीच्या फलकांवरही प्रक्रियकाजवळ हीच धारित्रे दिसतात. मात्र जुना फलक विकत घेत असाल, तर धारित्रांची डोकी सपाट आहेत की फुगीर, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. प्रक्रियकाच्या खोबणीतील बारीक पिना वाकलेल्या नाहीत ना, तेही पाहा.

म्हणून आपल्या भागात फलक निवडताना दाबनियामकावर उष्णताशोषक असणे ही चैन नव्हे, ती गरज आहे. त्याबरोबरच खोक्याला पुढून थंड हवा आत घेणारा एक पंखा आणि मागून गरम हवा बाहेर टाकणारा एक पंखा असावा. या दोन पंख्यांचा उपयोग रंगीत दिव्यांपेक्षा कितीतरी अधिक आहे.

बसले म्हणजे जमले असे नाही

प्रक्रियक फलकावर ज्या जागी बसतो, तिला खोबण (सॉकेट) म्हणतात. प्रत्येक खोबणीला विशिष्ट संख्येची संपर्कस्थाने असतात. एएमडी कंपनीच्या एएम ४ खोबणीत १३३१, तर २०२२ साली आलेल्या एएम ५ मध्ये १७१८ आहेत. इंटेलच्या २०२१ च्या खोबणीचे नावच तिच्या संपर्कस्थानांवरून एलजीए १७०० असे पडले. एका खोबणीचा प्रक्रियक दुसरीत बसत नाही.

पण खोबण तीच असली तरी काम होईलच असे नाही. २०१७ साली इंटेलचे आठव्या पिढीचे प्रक्रियक आले. त्यांची खोबण आधीच्या दोन पिढ्यांसारखीच, एलजीए ११५१ होती. तरीही ते जुन्या फलकांवर चालत नसत. त्यांना नवा फलकच लागे. याउलट एएम ४ खोबण २०१६ साली आली, आणि २०१७ च्या काही फलकांवर पुढे बायोस बदलून २०२० सालचे प्रक्रियकही चालू लागले. ज्यांनी तेव्हा मध्यम दराचा फलक घेतला, त्यांना काही वर्षांनी फक्त प्रक्रियक बदलून यंत्र जलद करता आले. म्हणजे फलक विकत घेताना आपण पुढची काही वर्षेही विकत घेत असतो.

येथे बायोसचा मुद्दा येतो. दुकानात वर्षभर पडून असलेल्या फलकाला त्यानंतर निघालेला प्रक्रियक ओळखता येत नाही. अशा वेळी पंखे फिरतात, पण पडदा काळाच राहतो. इस्लापूरला येऊन हे कळले तर मोठीच पंचाईत. म्हणून दोन गोष्टी कराव्यात. फलक बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत आपला प्रक्रियक आहे का आणि त्याला बायोसची कोणती आवृत्ती लागते ते आधी पाहावे, आणि ती आवृत्ती दुकानातच घालून मागावी. काही फलकांवर प्रक्रियक नसतानाही पेनड्राइव्हवरून बायोस बदलता येईल असे बटण असते. माफक दराच्या दोन फलकांत अशा बटणाचा फलक निवडणे शहाणपणाचे.

खोबणीनंतर पाहायचा तो चिपसंच. त्यावरून फलकाचा वर्ग कळतो. इंटेलच्या ज्या फलकांचे नाव 'एच ६१०' असे असते ते साधे, 'बी ७६०' मध्यम, आणि 'झेड ७९०' महाग. एएमडीमध्ये 'ए', 'बी' आणि 'एक्स' अशी चढती भाजणी आहे. इंटेलच्या प्रक्रियकाचा वेग ठरलेल्या मर्यादेपलीकडे वाढवण्याची सोय झेड वर्गात असते, आणि तीही विशिष्ट प्रक्रियकांपुरतीच. एएमडीमध्ये ती बी वर्गातही मिळते. ज्याला असा वेग वाढवायचाच नाही, त्याने झेड वर्गासाठी पैसे मोजण्याचे कारण नाही.

स्मृतीच्या जागा आणि माहितीचे रस्ते

फलकावर स्मृतीच्या पट्ट्यांसाठी दोन किंवा चार लांब खाचा असतात. आज दोन पिढ्यांच्या पट्ट्या बाजारात दिसतात, डीडीआर ४ आणि डीडीआर ५. दोन्हींना २८८ संपर्क असले, तरी खालची खूण वेगळ्या जागी असते. त्यामुळे एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही. जोर लावून बसवू पाहाल तर फलक आणि पट्टी दोन्ही गमवाल. एलजीए १७०० चे फलक दोन्ही प्रकारांत निघाले. एएम ५ ला फक्त डीडीआर ५ चालते. म्हणून पावती करण्यापूर्वी फलकाच्या नावापुढचा हा आकडा वाचावा.

स्मृती एका पट्टीत घ्यावी की दोन पट्ट्यांत? गणित करू. डीडीआर ४-३२०० ची पट्टी सेकंदाला ३२० कोटी वेळा माहिती पाठवते, प्रत्येक वेळी ८ बाइट. म्हणजे सेकंदाला २५.६ गिगाबाइट. सारख्या दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या की दोन रस्ते एकदम खुले होतात आणि क्षमता ५१.२ गिगाबाइट होते. म्हणून १६ गिगाबाइटची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घेणे खेळासाठी बरे. पण फलकावर दोनच खाचा असतील, तर पुढे स्मृती वाढवताना जुन्या पट्ट्या काढाव्या लागतील. चार खाचांसाठी थोडे अधिक द्यावेत की नाही, हे ज्याने त्याने आपल्या बेताप्रमाणे ठरवावे.

चित्रपत्रासाठी एक लांब खाच असते. तिच्यात १६ मार्गिका असतात. तिसऱ्या पिढीच्या खाचेतून एका दिशेने सेकंदाला सुमारे १६ गिगाबाइट माहिती जाऊ शकते, चौथ्या पिढीच्या खाचेतून सुमारे ३२, आणि पाचव्या पिढीच्या खाचेतून सुमारे ६४. मध्यम चित्रपत्राला चौथी पिढी पुरून उरते. पाचवीसाठी जादा पैसे देऊ नयेत. मात्र एक अपवाद लक्षात ठेवा. काही स्वस्त चित्रपत्रे १६ पैकी चारच मार्गिका वापरतात. २०२२ सालचे आरएक्स ६५०० एक्सटी तसे होते. ते तिसऱ्या पिढीच्या फलकावर लावले तर त्याला सेकंदाला सुमारे ४ गिगाबाइटच मिळतात, चौथ्या पिढीच्या फलकावर ८. स्वस्त चित्रपत्र आणि जुना फलक अशी जोडी म्हणूनच टाळावी.

चित्रपत्राची सारी वीज फलकातून जाते, हाही एक गैरसमज आहे. खाचेतून त्याला जास्तीत जास्त ७५ वॅट घेता येतात. त्याहून अधिक लागले, तर ती वीज पेटीतून वेगळ्या तारेने थेट येते. म्हणून मोठ्या चित्रपत्रासाठी महाग फलकापेक्षा चांगली वीजपुरवठा पेटी आवश्यक असते.

साठवणुकीसाठी एम.२ प्रकारची खाच असलेला फलक घ्यावा. बोटाएवढी, २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब पट्टी तिच्यात बसते. तारेने जोडायच्या साटा जोडणीतून सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइट मिळतात, एम.२ खाचेतील तिसऱ्या पिढीच्या चार मार्गिकांमधून सुमारे ३५०० मेगाबाइट मिळू शकतात.

साठ हजारांचा हिशोब

आता त्या मुलीच्या दुकानात परत जाऊ. भागांचे दर महिन्याला बदलतात, म्हणून पुढचे आकडे केवळ रीत कळण्यासाठी आहेत. समजा तीन फलकांच्या किमती ६,५००, १०,००० आणि १८,००० रुपये आहेत. प्रक्रियक ६५ वॅट वर्गाचा घ्यायचे ठरले आहे.

पहिल्या फलकावर दाबनियामकाला उष्णताशोषक नाही, स्मृतीच्या दोनच खाचा आहेत, आणि पुढे अधिक ताकदीचा प्रक्रियक बसवायची सोय नाही. दुसऱ्यावर उष्णताशोषक आहे, चार खाचा आहेत, चौथ्या पिढीची लांब खाच आहे आणि बायोसचे बटण आहे. तिसऱ्यावर हे सारे आहेच. शिवाय दुप्पट धारा, पाचव्या पिढीची खाच आणि रंगीत दिवे.

पहिल्यापेक्षा दुसऱ्याला ३,५०० रुपये जास्त पडतात. त्यात उन्हाळ्यात टिकाव धरण्याची शक्यता आणि पुढच्या वाढीची वाट मिळते. दुसऱ्यापेक्षा तिसऱ्याला ८,००० जास्त पडतात. त्यात या प्रक्रियकाला उपयोगी पडेल असे जवळजवळ काहीच मिळत नाही. तेच ८,००० रुपये चित्रपत्रात घातले, तर खेळातील चित्रांचा वेग खरोखरच वाढेल. म्हणून निवड दुसऱ्या फलकाची. वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर असे की, महाग ते चांगले नव्हे आणि स्वस्त तेही चांगले नव्हे. दिलेल्या प्रत्येक रुपयाच्या बदल्यात काय मिळते ते ज्याला सांगता येते, त्याचीच खरेदी चांगली.

नांदेडला निघण्यापूर्वी वहीत पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात : प्रक्रियकाचे पूर्ण नाव, खोबण, स्मृतीची पिढी, फलकाचा आकार, बायोसची आवृत्ती. पूर्ण आकाराचा, म्हणजे एटीएक्स, फलक ३०५ × २४४ मिलिमीटरचा असतो आणि लहान, म्हणजे मायक्रो-एटीएक्स, २४४ × २४४ मिलिमीटरचा. लहान फलक सहसा स्वस्त पडतो. पावती पक्की घ्यावी, कारण तिच्यावरच हमी अवलंबून असते. शक्य असेल, तर दुकानातच सर्व भाग जोडून पडदा उजळलेला पाहावा आणि मगच घरचा रस्ता धरावा.

घरी आल्यावर पहिली गोष्ट भूसंपर्काची. संगणकाच्या खोक्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर भूतार नीट जोडलेली नाही असे समजावे आणि जाणत्या वायरमनकडून ती दुरुस्त करून घ्यावी. वीज कडाडू लागली की संगणकाचा प्लग काढावा आणि इंटरनेटची तारही काढावी. वीज वारंवार जात असेल, तर लहान यूपीएस घ्यावा. बायोस बदलत असताना वीज गेली, तर चांगला फलकही निकामी होऊ शकतो.

करून पाहा

संगणक दुरुस्त करणाऱ्याकडून एक निकामी मदरबोर्ड शाळेत मागून आणा. त्यावर प्रक्रियकाची खोबण, दाबनियामकाची वेटोळी, धारित्रे, स्मृतीच्या खाचा आणि चित्रपत्राची खाच ओळखून कागदी चिठ्ठ्या लावा. वेटोळी मोजा. फुगलेले धारित्र सापडते का पाहा. मात्र वीजपुरवठा पेटी कधीही उघडू नका. तिच्यातील धारित्रावर ३२५ व्होल्ट किंवा त्याहूनही अधिक दाब असू शकतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकून राहतो.

प्रश्न

१. एक प्रक्रियक १.२ व्होल्टवर १४४ वॅट घेतो. एकूण धारा किती?

२. ही धारा सहा फेजांत सारखी वाटली आणि प्रत्येक फेजचा रोध ०.००४ ओहम असला, तर एकूण उष्णता किती वॅट? बारा फेजांत वाटली तर किती?

३. '१०५ अंश, ५००० तास' असे लिहिलेले द्रवयुक्त धारित्र ७५ अंशांवर किती तास टिकेल?

४. तुमच्या वर्गखोलीचे तापमान जानेवारीत आणि एप्रिलमध्ये मोजा. दोन्हींतील फरकामुळे अशा धारित्राच्या आयुष्यात किती फरक पडेल?

उत्तरे : (१) १२० अँपिअर. (२) ९.६ वॅट, ४.८ वॅट. (३) सुमारे ४०,००० तास. (४) हे उत्तर तुमच्या तापमापकाकडून मिळवा.